मुका मार

मराठी भाषेने मानवी देहाच्या ज्या अवयवांवर विशेष मेहेरनजर केली आहे, त्यांत छातीचा क्रमांक बराच वर लागेल. आपण एखादी गोष्ट छातीठोकपणे सांगतो, संकटापुढे छातीचा कोट करतो, बाजारातले भाव ऐकून आपली छाती दडपते आणि मुलगा पहिला आला की तीच छाती गजभर फुगते. वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवताना छातीचा विचार मी एवढ्यापुरताच केला होता. या कोटाच्या आत नेमके काय असते आणि त्याला बाहेरून दणका बसला तर आत काय घडते, हे विचारून घेण्याची वेळ माझ्यावर गेल्या पावसाळ्यात आली, ती माझ्या एका विद्यार्थ्यामुळे. त्या निमित्ताने डॉक्टरांकडून जे ऐकले आणि मागाहून पुस्तकांतून जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते; कारण उपनगरात राहणाऱ्या कोणत्याही कुटुंबावर असा प्रसंग उद्या येऊ शकेल.

उपनगरातील छाती

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड येथे राहणाऱ्या माणसाची छाती रोज सकाळी कसाला लागते. गाडी फलाटाला लागण्यापूर्वीच आपण छाती पुढे काढून उभे राहतो आणि गर्दीचा पहिला रेटा तिच्यावरच झेलतो. दारात लोंबकळणाऱ्याला रुळांकडेचा खांब लागतो, उतरताना मागून धक्का बसतो, पावसात फलाटावरून पाय घसरतो. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दोन हजारांहून अधिक माणसे मरण पावली. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन भरलेल्या गाड्या एकमेकींजवळून जात असताना दारातली माणसे खाली पडली. दारे आपोआप बंद होणारी पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी धावली खरी, पण आपल्यापैकी बहुतेकांचा प्रवास अजून उघड्या दारांतूनच चालतो.

रेल्वे टळली तर रस्ता आहे. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गांवर मोटारसायकल घसरली की चालकाची छाती हँडलवर आपटते. आणि कधी तर माणूस नुसता उभा असतो. १३ मे २०२४ च्या वादळात घाटकोपरला पेट्रोलपंपावर जाहिरातीचा अवाढव्य फलक कोसळला. त्यात १७ जण गेले आणि सत्तरांहून अधिक जखमी झाले. त्यांतले कितीतरी नुसते पावसाच्या आडोशाला थांबलेले होते.

अशा अपघातांत डोके फुटते, हात मोडतो, ते सर्वांना दिसते. छातीचे तसे नाही. कातडीवर ओरखडासुद्धा नसतो. अशा दुखापतीला आपल्याकडे एक फार नेमका शब्द आहे : मुका मार. मुका म्हणजे न बोलणारा. रक्त वाहते आहे, पण ते बरगडीआड; बाहेर एक थेंब नाही. हा मार बोलत नाही, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते.

कोटाच्या आत

आपल्या छातीला बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. त्यांच्या पिंजऱ्यात दोन्ही बाजूंना एकेक फुप्फुस. फुप्फुसावर एक पातळ, ओलसर आवरण असते आणि तसेच दुसरे आवरण पिंजऱ्याला आतून चिकटलेले असते. या दोन पदरांमध्ये एखाद-दोन चमचे पाणी असते, अधिक काही नाही. तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो. त्यामुळे पिंजरा फुगला की फुप्फुसही त्याच्याबरोबर फुगते आणि आपला श्वास विनासायास चालतो.

बरगडी मोडली की तिचे टोक आतल्या आवरणाला किंवा फुप्फुसाला टोचते, किंवा बरगडीलगत धावणारी रक्तवाहिनी फाटते. मग त्या दोन पदरांमधल्या रिकाम्या जागेत रक्त उतरू लागते. ही जागा एरवी बोटभरही नसते, पण फुप्फुस दबत जाते तशी ती वाढत जाते. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यांतले तीन लिटरपर्यंत रक्त छातीच्या एकाच बाजूत मावू शकते! म्हणजे माणसावर दोन संकटे एकदम येतात. एक तर रक्त कमी होते आणि दुसरे, फुप्फुसाला फुगायला जागा उरत नाही.

पहिल्या घटकेला हे एक्स-रेतही दिसेलच असे नाही. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत दिसण्यासाठी निदान दोनशे ते तीनशे मिलिलिटर रक्त साचलेले असावे लागते. झोपवून काढला तर त्याहूनही अधिक रक्त नुसत्या धुरकटपणात लपून जाते. म्हणूनच हल्ली मोठ्या रुग्णालयांत जखमी माणूस आला की लगोलग सोनोग्राफीचा दांडा छातीवर फिरवून पाहतात.

नळी आणि बाटली

माझा विद्यार्थी दुसऱ्या वर्षाला आहे. वडील भांडुपला एका छोट्या कारखान्यात फिटर, गाव चिपळूणकडचे. मंगळवारी सकाळी गाडीतून उतरताना मागच्या लोंढ्याने तो फलाटावर डाव्या कुशीवर आपटला. उठला, कपडे झटकले, दोन तास वर्गात बसला आणि घरी गेला. आईने आंबेहळदीचा लेप लावला. संध्याकाळी त्याला जिना चढवेना. वाक्य पुरे करण्याइतका श्वास पुरेना. रात्री इस्पितळात एक्स-रे काढला तेव्हा डाव्या बाजूच्या तीन बरगड्या मोडलेल्या आणि फुप्फुसाची अर्धी काळी जागा पांढरी झालेली दिसली. डॉक्टरांनी काखेखाली नळी घातली आणि पाहता पाहता खालच्या बाटलीत सातशे मिलिलिटर रक्त जमले.

ही नळी-बाटली पाहून घरच्यांचे पाय लटपटतात, पण तिच्याइतका साधा आणि हुशार उपाय वैद्यकात थोडाच असेल. जर्मनीतील हांबुर्गच्या गोटहार्ट ब्यूलाऊ नावाच्या डॉक्टरने १८७५ साली छातीतला पू काढण्यासाठी ती योजली. नळीचे एक टोक छातीत आणि दुसरे बाटलीतल्या पाण्याखाली सुमारे दोन सेंटिमीटर बुडवलेले. आतले रक्त किंवा हवा पाण्यातून बाहेर येते, पण बाहेरची हवा पाणी ओलांडून छातीत शिरू शकत नाही. ना यंत्र, ना वीज. दीडशे वर्षे झाली, पण तत्त्व तेच आहे. नळी घालतानाही एक युक्ती असते. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला लागून तिची रक्तवाहिनी आणि मज्जातंतू धावतात, म्हणून नळी नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून आत सरकवतात.

छातीत रक्त साचलेल्या बहुसंख्य माणसांना एवढा उपाय पुरतो. फुप्फुसातल्या वाहिन्यांचा दाब मुळात कमी. फुप्फुस पुन्हा फुगून पिंजऱ्याला टेकले की त्यांतला रक्तस्राव बहुधा आपोआप थांबतो. बरगडीच्या वाहिनीचे मात्र तसे नाही. तिच्यात सबंध शरीराचा दाब असतो. म्हणून बाटलीवर खुणा करून दर तासाला रक्त मोजतात. एकदम दीड लिटर आले, किंवा पुढे तासाला दोनशे मिलिलिटर या गतीने दोन ते चार तास येतच राहिले, तर तडक ऑपरेशन करावे असा जगभर साधारण संकेत आहे.

आमच्या मुलाच्या बाबतीत तसे काही झाले नाही. गुरुवारी नळीतून येणारे रक्त जवळजवळ थांबले. ताप नव्हता. तो पेज प्यायला आणि मला म्हणाला, "सर, सोमवारी ट्यूटोरियलला येतो." सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला.

बाटली कोरडी, छाती ओली

शुक्रवारी पुन्हा एक्स-रे झाला, आणि डाव्या छातीचा खालचा भाग पांढराच राहिलेला दिसला. सीटी स्कॅन केला. आत अंदाजे अर्धा लिटर रक्त गोठून बसले होते. नळी कोरडी पडली होती ती रक्त संपले म्हणून नव्हे, तर उरलेले रक्त नळीतून येण्याजोगे राहिले नव्हते म्हणून.

संध्याकाळी वडिलांनी मला फोन करून बोलावून घेतले. त्यांच्या हातात संमतीचा कागद होता. तो मराठीत होता असे म्हणायचे, कारण लिपी देवनागरी होती. "सर, तुम्ही मराठीचे प्रोफेसर. एवढं वाचून सांगा, यात लिहिलंय काय?" ते म्हणाले. कागदावर लिहिले होते की दुर्बिणीद्वारे वक्षपोकळीतील संचित रक्तगुठळ्यांचे निष्कासन करण्यास, आणि आवश्यकता भासल्यास वक्षभेदन करण्यास, माझी संमती आहे. मी अर्थ सांगितला : तीन लहान छिद्रे पाडून दुर्बिणीतून पाहत गोठलेले रक्त काढायचे, ते जमले नाही तर छाती मोठी उघडावी लागेल. शेवटच्या वाक्यापाशी त्यांचे बोट थांबले ते तिथेच राहिले.

त्यांचे म्हणणे गैर नव्हते. मुलगा जेवतो आहे, बोलतो आहे, नळीतून रक्त येत नाही. मग धडधाकट दिसणाऱ्या पोराला भूल कशासाठी द्यायची? आठ दिवस वाट पाहू, गावी नेऊ, हवापालट होईल, रक्त आपोआप जिरेल. आपल्यापैकी दहांतले नऊ जण असेच म्हणाले असते.

पन्नाशीचे सर्जन आले. त्यांनी आवाज न चढवता ऐकून घेतले. मग म्हणाले, "काका, रक्त थोडं असतं, वाटीभराच्या आत, तर मीच म्हणालो असतो, थांबू या. शरीर जिरवतं तेवढं. हे जास्त आहे."

"मग आणखी एक नळी घाला, साहेब. नळी परवडली."

"स्ट्रॉने ताक पिता येतं, काका. दही येतं का?"

इतका वेळ गप्प बसलेली मुलाची आई तेव्हा म्हणाली, "डॉक्टरसाहेब, केलं तर काय होईल ते कागदावर आहे. थांबलो तर काय होईल, ते सांगा."

मला वाटते, या साऱ्या प्रकरणात विचारण्यासारखा प्रश्न हाच होता आणि तो त्या माउलीने विचारला. डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. त्यांनी सांगितले त्याचा सारांश असा. गोठलेले रक्त पहिल्या काही दिवसांत विरजलेल्या दह्यासारखे मऊ असते. दुर्बिणीशेजारून नळी घालून ते ओढून घेता येते, धुऊन टाकता येते. आठवडा उलटला की त्यात धागे धरू लागतात आणि ते फुप्फुसाला नि पिंजऱ्याला चिकटते. आणखी काही आठवड्यांनी त्याची घट्ट साल होते. फुप्फुस तिच्यात जखडले जाते आणि माणसाला कायमची धाप लागते. वाटेत कधी त्या रक्तात जंतू शिरले, तर छातीत पू होतो. मग त्या सालीसाठी किंवा पुवासाठी छाती खरोखरच मोठी उघडावी लागण्याची पाळी येते. "म्हणजे, काकू, ज्या मोठ्या ऑपरेशनला काका भितात, ते आज सही केल्यानं जवळ येत नाही. महिनाभर थांबल्यानं येतं."

आईने नवऱ्याकडे पाहिले. त्यांनी आणखी अर्धा तास घेतला. व्हरांड्यात जाऊन गावी भावाला फोन केला, आणि परत येऊन सही केली.

दुर्बिणीची वाटचाल

वाचकांपैकी पुष्कळांनी पोटाच्या दुर्बिणीचे नाव ऐकले असेल. पित्ताशयाचे खडे हल्ली असेच काढतात. परंतु पोटाच्या दुर्बिणीचे युग सुरू होण्याच्या कितीतरी आधी दुर्बीण छातीत शिरली होती. स्वीडनमधील स्टॉकहोमचे डॉक्टर हान्स ख्रिश्चन याकोबेउस यांनी १९१० साली, मूत्राशय तपासण्यासाठी बनवलेली नळीदार दुर्बीण बरगड्यांमधून आत घालून छातीचे अंतरंग पाहिल्याचे प्रसिद्ध केले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून छातीत मुद्दाम हवा भरून ते मिटवीत. आतल्या चिकटलेल्या दोऱ्या आड आल्या तर याकोबेउस दुर्बिणीतून पाहून त्या तोडीत. आपल्या जुन्या कादंबऱ्यांतले नायक-नायिका आरोग्यधामात खंगत पडलेले असत, तेव्हाची ही गोष्ट. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आणि त्याच्या जोडीची औषधे आली, क्षय गोळ्या-इंजेक्शनांनी बरा होऊ लागला, आणि छातीची दुर्बीण बरीचशी कपाटात गेली.

मधल्या काळात, १९४६ साली, ब्राझीलमधील ब्रांको या डॉक्टरने छातीत भोसकलेल्या जखमा याच दुर्बिणीतून तपासल्याचे लिहून ठेवले. पण तेव्हा डॉक्टरला एक डोळा मिटून नळीला दुसरा डोळा लावावा लागे. सहायकाला काही दिसत नसे, मग तो मदत काय करणार! १९८० नंतरच्या दशकात चिमुकला कॅमेरा दुर्बिणीच्या टोकाशी जोडला गेला आणि चित्र पडद्यावर आले. एकाच्या डोळ्याला दिसणारे सर्वांना दिसू लागले, दोन्ही हात मोकळे झाले, आणि १९९० च्या सुमारास छातीची दुर्बीण पुन्हा बाहेर निघाली.

या इतिहासात आपल्या मुंबईचाही एक मानाचा कोपरा आहे. डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९७२ पासून जे. जे. रुग्णालयात पोटाची दुर्बीण रोगनिदानासाठी वापरली, आणि १९९० साली तेथेच भारतातले दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याचे पहिले ऑपरेशन केले. महागडे तंत्र गरीब देशाला कसले परवडणार, अशी शंका घेणाऱ्यांना त्यांचे उत्तर उलट असे : गरिबालाच लवकर कामावर परतायचे असते, म्हणून लहान छेदाची गरज त्यालाच अधिक. २०१७ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २०२३ च्या जानेवारीत ते निवर्तले. ते पोटाचे सर्जन होते, छातीचे नव्हेत. परंतु पडद्याकडे पाहत हात चालवण्याची जी विद्या आज आपल्याकडच्या सर्जनांना अवगत आहे, तिची पायवाट त्यांच्यासारख्यांनी पाडली.

आणि सुश्रुताला विसरून कसे चालेल? त्याने सांगितलेल्या १०१ यंत्रांत वीस नाडीयंत्रे, म्हणजे नळीच्या आकाराची उपकरणे आहेत. शरीराच्या आतली जागा पाहावी, आतले ओढून घ्यावे, अशी त्यांची कामे. विजेचा दिवा आणि कॅमेरा त्याच्याजवळ नव्हता. पण नळीतून पाहण्याची कल्पना नवी नाही.

दीड तास

शनिवारी सकाळी ऑपरेशन झाले. त्यात काय काय करतात, ते मी नंतर सर्जनांना विचारून घेतले. रोग्याला भूल देऊन निरोगी कुशीवर निजवतात. भूलतज्ज्ञ श्वासनलिकेत दुहेरी नळी घालून फक्त एकाच फुप्फुसाला हवा देतो, म्हणजे दुखावलेल्या बाजूचे फुप्फुस मिटते आणि काम करायला जागा होते. बरगड्यांमधून साधारण एकेक सेंटिमीटरची दोन-तीन छिद्रे पाडतात; जुन्या नळीचे छिद्रही त्यांत उपयोगी पडते. एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून चिमटा आणि शोषक नळी. गुठळ्या ओढून काढायच्या, मिठाच्या निर्जंतुक पाण्याने पोकळी धुवायची, कुठली वाहिनी झिरपत असेल तर तिला चिमटी लावायची किंवा विजेने डागायची. शेवटी भूलतज्ज्ञ मिटलेल्या फुप्फुसात हवा सोडतो, आणि ते फुगून पिंजऱ्याला टेकते की नाही हे सगळे पडद्यावर पाहतात. मग एका छिद्रातून नळी ठेवून बाकीची शिवून टाकायची. "फुप्फुस उमलताना दिसतं ना, तेव्हा बरं वाटतं," एवढेच ते म्हणाले.

छाती उघडण्याच्या जुन्या ऑपरेशनात वीतभर, कधी त्याहून लांब छेद घेऊन बरगड्या फाकवाव्या लागतात, आणि त्या फाकवलेल्या बरगड्यांचे दुखणे महिनोन्महिने पुरते. दुर्बिणीत तो भाग टळतो. दुसरी नळी की दुर्बीण, या काकांच्या प्रश्नाचे उत्तरही शोधून झालेले आहे. अमेरिकेत डलास येथे अशा ३९ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. १९९७ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. दुसरी नळी घातलेल्या २४ जणांपैकी १० जणांना पुढे ऑपरेशन लागलेच. दुर्बिणीच्या गटातले रुग्ण सरासरी पाचेक दिवसांत घरी गेले, नळीच्या गटातल्यांना आठ दिवस लागले, आणि एकूण खर्चही दुर्बिणीचाच कमी आला. हे काम पहिल्या तीन ते सात दिवसांत करावे असे पूर्वी म्हणत. अलीकडे चौथ्या दिवसाच्या आत उरकण्याकडे कल आहे.

मात्र दुर्बीण म्हणजे सर्व रोगांवरचा अंगारा नव्हे. रक्त भराभर वाहते आहे, रक्तदाब कोसळतो आहे, अशा माणसाची छाती तातडीने उघडणे हाच उपाय. तिथे दुर्बिणीचा हट्ट धरणारा त्याच्या जिवाशी खेळेल. एकाच फुप्फुसावर काही वेळ श्वास सहन करील इतके बळही रोग्यात असावे लागते. ज्यांना ऑपरेशन झेपणारच नाही, त्यांच्या छातीत नळीवाटे गुठळी विरघळवणारे औषध सोडून पाहतात. काही ठिकाणी तर मांडीच्या रोहिणीतून बारीक तार सरकवीत नेऊन, क्ष-किरणांच्या मदतीने, बरगडीची फाटलेली वाहिनी आतूनच बुजवतात. कोणाला काय लागू पडेल, हे ठरवणे डॉक्टरांचे काम.

आमच्या विद्यार्थ्याची नळी तिसऱ्या दिवशी निघाली. पाचव्या दिवशी तो घरी गेला. बरगड्या जुळायला सहा आठवडे लागले. तोवर वर्गात कोणी विनोद केला की हा डावी कूस उशीने दाबून धरी आणि मग हसे.

घरच्यांनी काय करावे

छातीला मार लागलेल्या माणसाला श्वास घेताना कळ येत असेल, धाप लागत असेल, घाम फुटून अंग गार पडत असेल, नाडी जलद चालत असेल, चक्कर येत असेल किंवा थुंकीत रक्त दिसत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. हळदीचा लेप कातडीपुरता ठीक. तो बरगडीआड पोहोचत नाही. छाती पट्ट्याने घट्ट आवळू नये, कारण श्वास उथळ होतो आणि न्यूमोनियाला निमंत्रण मिळते. चाकू किंवा सळई छातीत रुतली असेल तर ती जागची हलवू नये; ती डॉक्टरांनीच काढायची.

वृद्धांच्या बाबतीत दुप्पट सावध असावे. त्यांची बरगडी न्हाणीघरात घसरण्याइतक्या साध्या निमित्तानेही मोडते, आणि रक्त कधी कधी दोन-चार दिवसांनी साचू लागते. पहिल्या दिवशीचा एक्स-रे स्वच्छ होता म्हणून नंतरच्या धापेकडे काणाडोळा करू नये. आजोबा रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेत असतील, तर ते डॉक्टरांना न विचारता सांगावे.

नळी घातलेल्या रोग्याची बाटली नेहमी छातीच्या पातळीखाली ठेवावी. चालताना कौतुकाने खांद्याशी उचलून धरू नये. नळीला पीळ पडू देऊ नये. तीन रंगीत चेंडूंचे श्वासाचे खेळणे देतात, ते कपाटाची शोभा म्हणून नव्हे. दुखले तरी वेदनाशामक घेऊन रोग्याने ते दर तासाला ओढावे, कारण फुप्फुस फुगवणे हे अर्धे औषध आहे. आणि नळी कोरडी पडली की डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा : "आत काही शिल्लक आहे का?"

वाटेवर पडलेला माणूस दिसला तर पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नये, हेही सांगितले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अशा मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच तसे कलम आले. जखमीला इस्पितळात पोहोचवणाऱ्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

मुका मार हा शब्द आपल्या पूर्वजांनी किती जाणून घडवला होता, ते मला आता कळते. मार मुका असतो. बोलावे लागते ते घरच्यांनी, आणि तेही वेळेवर. पहिल्या आठवड्यात तीन छिद्रांवर भागणारे काम महिन्याभराने वीतभर छेद मागते, एवढे जरी या पानांतून वाचकांच्या लक्षात राहिले, तरी पुष्कळ झाले. आणि पाडव्याला नातेवाइकांकडे जाताना गाडीला गर्दी असेल, तर ती सोडून पुढची धरावी.